क्रुसापलीकडचा प्रदेश



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर इतिहास शिकवला. त्यामुळे इथे उभं राहणाऱ्याने इतिहासावर बोलावं ही अपेक्षा रास्त आहे. शिवकाल आणि पेशवाई यांवर या व्यासपीठावरून जाणकार मंडळी बोलून गेली आहेत, त्यांच्या प्रांतात मी शिरत नाही. मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात जेम्स नावाची नदी आहे. तिच्या काठी, रिचमंड शहरात, दगडांच्या राशीवर उभा केलेला एक क्रूस आहे. 1607 साली इंग्रज पहिल्यांदा या नदीने वर आले आणि इथल्या धबधब्यांपाशी त्यांनी लाकडी क्रूस रोवला, त्याची ही आठवण. आजचा विषय हा क्रूस आणि त्याच्या निमित्ताने एक प्रश्न: इतिहासाची खूण वाचायची कशी?

तुम्ही म्हणाल, व्हर्जिनियाच्या नदीशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. ज्या माणसाने तो क्रूस रोवला त्याचं नाव कॅप्टन ख्रिस्तोफर न्यूपोर्ट. उजवा हात गमावलेला, कॅरिबियन समुद्रात स्पॅनिश जहाजं लुटण्यात उमेदवारी केलेला हा दर्यावर्दी. व्हर्जिनियाच्या खेपा झाल्यावर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला. 1615 साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या दरबारात जायला निघाला, तेव्हा त्याला सुरतेला घेऊन येणाऱ्या ‘लायन’ जहाजाचा कप्तान हाच न्यूपोर्ट होता. पुढे 1617 साली जावा बेटावरच्या बांटम बंदरात तो वारला. रिचमंडच्या धबधब्यांवर क्रूस रोवणारा माणूस आठ वर्षांनी सुरतेच्या किनाऱ्याला नांगर टाकून होता. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये जी सुरत लुटली आणि जिच्या इंग्रज वखारीच्या नोंदी आपले अभ्यासक आजही चाळतात, तीच ही सुरत.

योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण दोन्हीकडे भांडवल घालणारी माणसं बऱ्याच अंशी एकच होती. सर टॉमस स्मिथ हा लंडनचा बडा व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर, आणि पुढे व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार, म्हणजे तिचा मुख्य कारभारीही तोच. 1608 च्या ऑगस्टात विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाज घेऊन सुरतेला लागला. त्याच ऑगस्टात कॅप्टन जॉन स्मिथ एका उघड्या होडीतून व्हर्जिनियाच्या नद्या धुंडाळत होता. लंडनच्या एकाच गल्लीतल्या हिशेबाच्या वह्यांमध्ये पूर्वेचं पान वेगळं आणि पश्चिमेचं वेगळं, एवढाच फरक. पूर्वेचं पान आपण तपशिलाने वाचलेलं आहे. आज पश्चिमेचं उघडू.

20 डिसेंबर 1606 रोजी लंडनहून तीन जहाजं निघाली: ‘सुझन कॉन्स्टंट’, ‘गॉडस्पीड’ आणि ‘डिस्कव्हरी’. एप्रिलच्या अखेरीस ती चेसापीक उपसागराच्या तोंडाशी पोचली आणि मे महिन्याच्या मध्यावर नदीकाठच्या एका दलदलीच्या जागेवर शे-सव्वाशे माणसं उतरली. राजा जेम्सच्या नावावरून त्यांनी वसाहतीला जेम्सटाउन म्हटलं आणि नदीलाही जेम्सचंच नाव दिलं. नदीला आधीचं नाव होतंच. तिथल्या लोकांच्या लेखी ती पाउहाटन होती, आणि ज्या महाराजाच्या अमलाखाली तीसेक जमाती नांदत होत्या त्यालाही इंग्रज त्याच नावाने ओळखू लागले. हा मुलूख ओसाड नव्हता. किनाऱ्याकिनाऱ्याने गावं होती, मक्याची शेतं होती, मासे धरायचे बांध होते, आणि प्रत्येक गावाला वेरोवान्स म्हणजे प्रमुख होता.

व्हर्जिनिया कंपनीचा हुकूम होता की नदी वरपर्यंत शोधावी. सोनं सापडलं तर उत्तम, चीनच्या बाजूच्या समुद्राला जाणारी वाट सापडली तर त्याहून उत्तम. म्हणून 21 मे रोजी न्यूपोर्ट वीस-पंचवीस माणसं घेऊन शॅलप नावाच्या होडीतून वर निघाला. बरोबर जॉन स्मिथ, जॉर्ज पर्सी आणि गॅब्रिएल आर्चर होते. या सफरीची रोजनिशीवजा हकिगत मिळते ती आर्चरच्या नावावर, आणि ती मुळातून वाचण्यासारखी आहे.

त्या हकिगतीतला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. वाटेत काही स्थानिक माणसं एका होडक्यातून भेटली. इंग्रजांनी खाणाखुणांनी विचारलं, नदी पुढे कशी आहे? त्यांच्यातल्या एकाने पायाने जमिनीवर नदी काढून दाखवायला सुरुवात केली. तेव्हा आर्चरने त्याच्या हातात लेखणी आणि कागद दिला, लेखणी कशी धरायची ते दाखवलं, आणि त्या माणसाने उपसागराच्या तोंडापासून थेट होडी जाऊ शकेल त्या शेवटच्या टोकापर्यंत अख्खी नदी कागदावर उतरवली. क्षणापूर्वी ज्याने लेखणी पाहिलीही नव्हती, तो नदीचा नकाशा काढून मोकळा झाला. कुठे बेटं आहेत, कुठे धबधबे आहेत, पलीकडे कोणाचा मुलूख लागतो, हे सगळं त्याच्या डोक्यात नीट मांडलेलं होतं. म्हणजे ज्या नदीचा ‘शोध’ लावायला ही मंडळी निघाली होती, तिचा नकाशा त्यांच्या हातात दुसऱ्याच दिवशी आयता पडला होता.

24 मे रोजी, व्हिटसनडे या ख्रिस्ती सणाच्या रविवारी, ते धबधब्यांपाशी पोचले. हे आजच्या रिचमंड शहराच्या मधोमध आहे. इथे नदी का अडते ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी गोष्ट या भूगोलावर उभी आहे. पूर्व अमेरिकेत पठाराचा टणक खडक संपून किनारपट्टीची मऊ गाळाची जमीन जिथे सुरू होते, तिथे प्रत्येक नदी खडकांवरून घसरत खाली येते. समुद्राच्या भरतीचं पाणी तिथवर चढतं, पुढे नाही. आपल्याकडे सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण किंवा अर्जुनेवर राजापूर जसं भरतीच्या शेवटाला वसलं, गलबतं तिथवर आली आणि तिथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढू लागला, तसंच हे. रिचमंड, फ्रेडरिक्सबर्ग, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया ही शहरं त्याच रेषेवर आहेत. होडीने येणाऱ्या माणसाला हीच हद्द. म्हणून खुणाही इथेच रोवल्या गेल्या.

धबधब्यांच्या तोंडाशी असलेल्या एका छोट्या बेटावर न्यूपोर्टने क्रूस उभारला. त्यावर राजा जेम्सचं नाव आणि 1607 हे साल कोरलं, खाली स्वतःचं नाव घातलं. मंडळींनी राजासाठी प्रार्थना म्हटली, त्याचा जयजयकार केला आणि त्याला या मुलखाचा धनी म्हणून जाहीर केलं. बरोबर नाविरान्स नावाचा वाटाड्या होता. वाटेत त्यानेच गावागावांतून ओळखी करून दिल्या होत्या, जेवणाची सोय लावली होती. हा प्रकार पाहून त्याच्या मनात पाल चुकचुकली. हे लाकूड कशाचं, ही आरोळी कशाची, असं त्याने विचारलं.

न्यूपोर्टने त्याला काय सांगितलं, ते आर्चरने प्रामाणिकपणे टिपून ठेवलं आहे. न्यूपोर्ट म्हणाला की क्रुसाचा एक हात म्हणजे तुमचा राजा पाउहाटन, दुसरा हात म्हणजे मी. मध्ये जिथे दोन्ही जोडले आहेत ती आपली दोस्ती. आणि आरोळी मारली ती पाउहाटनच्या सन्मानासाठी. नाविरान्सचं समाधान झालं.

श्रोतेहो, इथे जरा थांबू. ही त्या नदीवरची इंग्रजांची पहिली स्मारकखूण. तिच्यावर कोरलेला मजकूर एक होता आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगितलेला अर्थ दुसराच. कोरलेल्या मजकुरात मालकी होती, सांगितलेल्या अर्थात मैत्री होती. खुणेचा खोटेपणा पुढच्या पिढ्यांनी केलेला नाही, तो पहिल्या दिवसाचाच आहे. आणि तो आपल्याला कळतो कसा? तर त्यांच्याच कारकुनी शिस्तीमुळे. वसाहतवादाचा हा एक विचित्र गुण आहे. तो फसवणूकही नोंदवून ठेवतो.

नाविरान्सचं समाधान झालं असेल, बाकीच्यांचं झालं नव्हतं. क्रूस रविवारी रोवला, आणि मंगळवारी जेम्सटाउनवर दोनशेहून अधिक लढवय्यांनी हल्ला चढवला. जहाजावरच्या तोफा वाजल्या म्हणून वसाहत वाचली. न्यूपोर्टची होडी परत पोचली ती दुसऱ्या दिवशी.

तो लाकडी क्रूस अर्थातच राहिला नाही. आज दिसतो तो 1907 सालचा, तीनशेव्या वर्षाच्या निमित्ताने व्हर्जिनियाच्या पुराणवस्तू जपणाऱ्या एका संस्थेने शहराला भेट दिलेला. मुळात तो गॅम्बल्स हिल या टेकडीवर होता. नंतर तिथून हलवला आणि आता जुन्या कालव्याच्या काठाने केलेल्या पायवाटेवर आहे.

माझी भाची त्या शहरात नोकरीनिमित्त राहते. क्रूस पाहायचा आहे म्हटल्यावर ती म्हणाली, “मामा, त्या वाटेवरून मी रोज पळायला जाते, तिथे असं काही नाही.” गेलो तर होता. माणूसभर दगडांची रास, तिच्यावर क्रूस, दर्शनी बाजूला मजकूर. पळणारे पळत होते, कुत्र्यांना फिरवणारे फिरवत होते, वरून रेल्वेचा पूल गेलेला. मजकुरात न्यूपोर्ट आहे, स्मिथ आहे, त्यांनी नदी धबधब्यांपर्यंत शोधल्याचं आणि क्रूस उभारल्याचं लिहिलं आहे. नाविरान्स नाही. लेखणी हातात धरून नदी काढणाराही नाही. भाचीने मजकूर दोनदा वाचला आणि विचारलं, “मग यांना वाट कोणी दाखवली?” माझ्या मते तिथे लावायला हवी अशी पाटी तिच्या त्या एका प्रश्नात आहे.

तिथून थोडं खाली उतरलं की नदी दिसते. शहराच्या ऐन मध्यात खडकांवरून फेसाळत जाणारं पाणी, आणि त्यात रबरी होड्या घालून तरुण मुलं ओरडत खाली येत असतात. चारशे वर्षांपूर्वी ज्या खडकांनी साम्राज्याची होडी अडवली, ते आता सुट्टीच्या दिवसाची करमणूक झाले आहेत. क्रूस हलला, खडक हललेले नाहीत.

1907 हे साल लक्षात ठेवा. स्मारक ज्या घटनेचं असतं तिच्याइतकंच ते उभारलं गेलं त्या सालाबद्दल बोलतं. 1907 च्या मे-जूनमध्येच रिचमंडमध्ये दोन मोठे पुतळे उभे राहिले: गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याचा आणि त्यांचा एक सेनापती स्टुअर्ट याचा. हरलेल्या यादवी युद्धाला उदात्त रूप देण्याचा तो काळ होता. देशाचा आरंभ उत्तरेतल्या प्लिमथला नव्हे तर आमच्या जेम्सटाउनला झाला, हे सांगण्याची व्हर्जिनियाला तेव्हा निकड होती. क्रूस त्या मोसमातला आहे. डेव्हिसचा आणि स्टुअर्टचा पुतळा 2020 साली खाली आला. क्रूस राहिला, बहुधा तो कोणाच्या फारसा लक्षातच नव्हता म्हणून.

त्याच समाजाने पुढे 1924 साली वंशशुद्धीचा कायदा केला. माणूस एक तर गोरा, नाही तर ‘रंगीत’, तिसरा रकाना नाही. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्याचा प्रमुख वॉल्टर प्लेकर याने मूळ जमातींच्या लोकांचे दाखले ‘इंडियन’ ऐवजी ‘रंगीत’ म्हणून फिरवायचा सपाटा लावला. कागदोपत्री ते लोक नाहीसेच झाले. मात्र कायद्यात एक फट मुद्दाम ठेवली होती: ज्याच्या अंगात सोळाव्या हिश्शापर्यंतच मूळ रहिवाशांचं रक्त असेल त्याला गोरा समजावं. कारण व्हर्जिनियाची कित्येक खानदानी घराणी आपण पाउहाटनची मुलगी पोकाहाँटस हिचे वंशज असल्याचं अभिमानाने सांगत. राजकन्या पूर्वज म्हणून हवी, तिचे भाऊबंद शेजारी म्हणून नकोत. हा कायदा 1967 साली सर्वोच्च न्यायालयाच्या लव्हिंग खटल्याने मोडीत निघाला.

आता दुसऱ्या माणसाकडे वळू, जॉन स्मिथकडे. शेतकऱ्याचा मुलगा, भाडोत्री शिपाई, बढाईखोर. पोकाहाँटसने आपला जीव वाचवला ही त्याची प्रसिद्ध गोष्ट त्याने तपशिलाने छापली ती 1624 साली, घटनेनंतर सतरा वर्षांनी, आणि अभ्यासक तिच्याकडे संशयाने पाहतात. असा हा साक्षीदार. पण 1608 च्या उन्हाळ्यात त्याने जे काम केलं त्याला तोड नाही. सुमारे तीस फुटी उघडी होडी, बारा-चौदा माणसं, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोन फेऱ्यांत चेसापीक उपसागर आणि त्याला मिळणाऱ्या नद्या. पोटोमॅक, रॅपाहॅनॉक, पटक्सेंट, सस्क्वेहाना. पहिल्या फेरीत रॅपाहॅनॉकच्या मुखाशी तलवारीने मासे मारताना काटेरी शेपटीच्या पाकटाने त्याच्या मनगटात काटा घुसवला. हात सुजून काळानिळा झाला, साथीदारांनी त्याच्या सांगण्यावरून कबर खणून ठेवली. संध्याकाळपर्यंत औषधाने उतार पडला आणि या गड्याने तोच मासा रात्री खाल्ला. त्या टोकाला आजही स्टिंगरे पॉइंट म्हणतात.

प्रत्येक नदीवर जिथवर होडी गेली तिथे या लोकांनी झाडांवर क्रूस कोरले, झाडांना भोकं पाडून आत चिठ्ठ्या ठेवल्या, काही ठिकाणी पितळी क्रूस ठोकले. उद्या कोणी आलं तर इंग्रज आधी येऊन गेले हे त्याला कळावं म्हणून. युरोपीय राजांच्या आपापसातल्या वादात हा पुरावा उपयोगी पडत असे. पोर्तुगीज आफ्रिकेच्या आणि आपल्या मलबारच्या किनाऱ्यावर जे दगडी स्तंभ रोवत गेले, त्यामागेही हेच कायदेशीर डोकं होतं. त्या झाडांना आणि चिठ्ठ्यांना काळाने केव्हाच गिळलं.

पण स्मिथने आणखी एका जागी क्रूस काढले. त्याचा व्हर्जिनियाचा नकाशा 1612 साली ऑक्सफर्डला छापला गेला, कोरणारा विल्यम होल. पश्चिम दिशा माथ्याला असलेला हा नकाशा कोणी पाहिला नसेल तर जरूर पाहावा. दोनशेच्या आसपास गावांची नावं त्यावर आहेत. प्रत्येक नदीवर, वरच्या अंगाला, एक लहानसा क्रूस आहे. आणि खुलासा दिला आहे की क्रुसापर्यंतचं आम्ही स्वतः पाहिलेलं, त्यापलीकडचं लोकांनी सांगितलेलं.

चिन्ह तेच. रिचमंडच्या बेटावर ते रोवलं तेव्हा शेजारच्या माणसाला खोटा अर्थ सांगितला गेला. नकाशावर ते छापलं तेव्हा वाचकाला खरं सांगितलं गेलं: इथे माझे डोळे थांबले, इथून पुढे दुसऱ्यांच्या तोंडून. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरी आणि अस्सल कागद यांत भेद करायला शिकवलं. हा बढाईखोर शिपाई 1612 साली नकाशावर तसलीच एक रेघ ओढून गेला होता.

आणि क्रुसापलीकडचं ते ऐकीव किती मोलाचं ठरलं पाहा. जेम्स नदीच्या धबधब्यांच्या वर मोनाकन लोकांचा मुलूख. रिव्हाना नदी जिथे जेम्सला मिळते तिथे त्यांचं मुख्य गाव, रासावेक. स्मिथने ते कधी पाहिलं नाही, सांगणाऱ्यांनी सांगितलं म्हणून नकाशावर आलं. चारशे वर्षांनी त्याच संगमावर पाणीपुरवठ्याचं पंपघर बांधायचं ठरलं. मोनाकन जमातीने विरोध केला, ही आमची राजधानी, इथे आमचे पूर्वज पुरलेले आहेत. जमिनीतले अवशेष तर होतेच, त्यांच्या जोडीला 1612 चा नकाशा होता. 2022 साली पंपघराची जागा बदलण्याचा निर्णय झाला. इंग्रजांनी जिथे मालकीची खूण रोवली तिच्यापलीकडे, केवळ ऐकून लिहिलेल्या एका नावाने, ती जागा वाचवायला हातभार लावला.

रॅपाहॅनॉक नदीची गोष्टही अशीच. ऑगस्ट 1608 मध्ये स्मिथची होडी तिथून वर जात असताना, काठच्या गवतात झुडपं वाटावीत अशा रीतीने अंगाला फांद्या बांधून तीस-चाळीस रॅपाहॅनॉक तिरंदाज दबा धरून होते. ही जागा फोन्स क्लिफ्स, नदीवर झुकलेले पांढुरके उंच कडे. स्मिथने होडीच्या कडेला ढाली बांधल्या होत्या म्हणून माणसं वाचली. होडी जाऊ शकेल त्या टोकाला, आजच्या फ्रेडरिक्सबर्गपाशी, पुन्हा चकमक झाली आणि अमोरोलेक नावाचा एक जखमी माणूस हाती लागला. मलमपट्टी झाल्यावर दुभाष्याकरवी त्याला विचारलं, आम्ही मैत्रीने आलो असता तुम्ही बाण का सोडलेत? तो म्हणाला की तुम्ही जगाच्या खालून आलेले लोक आहात आणि आमचं जग आमच्याकडून घ्यायला आला आहात, असं आमच्या कानावर आलं आहे.

स्मिथने हे उत्तर छापलं. त्याचं खंडन त्याने केलं नाही. ते करण्यासारखं नव्हतंही. सतराव्या शतकातच रॅपाहॅनॉक लोकांना त्या कड्यांवरून हुसकावून लावण्यात आलं.

ही हकिगत इथे संपली असती तर ती नेहमीचीच झाली असती. पण व्हर्जिनियाच्या जमाती टिकून राहिल्या. 1677 च्या तहाप्रमाणे पामंकी आणि मॅटापोनाय लोक अजूनही दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला राज्याच्या गव्हर्नरच्या दारात हरणाची भेट नेऊन देतात. आम्ही करार मोडलेला नाही, हे सांगण्याची ही त्यांची रीत. 2015 साली पामंकींना आणि 2018 साली आणखी सहा जमातींना अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्यता दिली. जेम्सटाउनच्या पहिल्या हल्ल्यापासून धरलं तर चारशे दहा वर्षं लागली. या दिरंगाईचं एक मोठं कारण प्लेकरने फिरवलेले दाखले. मान्यतेसाठी अखंड नोंदी मागायच्या, आणि नोंदी आपणच पुसलेल्या. 2022 च्या एप्रिलमध्ये रॅपाहॅनॉक जमातीला फोन्स क्लिफ्सवरची 465 एकर जमीन परत मिळाली. तिथल्या तीन जुन्या गावांची नावं स्मिथच्या नकाशात आहेत, त्यांतलं एक पिसाकोॲक.

सरकारी खुणांचंही चित्र हळूहळू बदलतं आहे. व्हर्जिनियाने 1927 साली रस्त्याकडेला रुपेरी, काळ्या अक्षरांच्या धातूच्या पाट्या लावायला सुरुवात केली. मोटारी नव्या होत्या, प्रवाशांना थांबवायचं होतं. आज अशा अडीच हजारांहून अधिक पाट्या आहेत. आरंभीच्या पाट्यांत सेनापती, लढाया आणि जुनी चर्चेस फार. अलीकडच्या पाट्यांत गुलामांच्या वस्त्या, काळ्या मुलांच्या शाळा आणि मूळ जमाती दिसू लागल्या आहेत. 2006 साली स्मिथच्या जलमार्गाला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग म्हणून घोषित केलं, जवळजवळ तीन हजार मैलांचा, आणि पाण्यावरचा असा तो पहिलाच. त्याच्या वाटेवर हवामान आणि पाण्याची मापं घेणारे तरंगते बोये सोडले. ती मापं सांगता सांगता ते तिथला इतिहासही फोनवर सांगत. या मार्गाची माहिती देताना नकाशावरच्या त्या गावांना आता बरीच जागा मिळते.

काही जण म्हणतील, मग 1907 चा क्रूस काढून टाकावा. मला तसं वाटत नाही. तो क्रूस 1607 चा पुरावा म्हणून कमकुवत आहे, पण 1907 चा पुरावा म्हणून अव्वल आहे. त्या वर्षी प्रतिष्ठित लोकांना काय आठवावंसं वाटलं आणि काय विसरावंसं वाटलं, हे इतक्या थोडक्या जागेत दुसरं काही सांगत नाही. तो राहू द्यावा. त्याच्याशेजारी नाविरान्सच्या नावाने दुसरी पाटी लावावी, आणि न्यूपोर्टने त्याला दिलेलं उत्तर तिच्यावर जसंच्या तसं छापावं. खोडण्यापेक्षा शेजारी लिहिणं हे इतिहासाचं काम आहे.

आता शेवटचं, आणि ते आपल्याविषयी. या सभागृहातल्या बऱ्याच जणांची मुलंबाळं अमेरिकेत आहेत. तुम्ही गेलात की ती तुम्हाला नायगारा दाखवतात, वॉशिंग्टन दाखवतात. वॉशिंग्टनहून रिचमंड गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. मुलांना सांगा, आणि एक दिवस काढून तिथे जा. पण त्याआधी आपल्या गावातल्या, आपल्या गडावरच्या, आपल्या बंदरावरच्या पाट्या वाचायला लागा. पाटी वाचताना तीन गोष्टी टिपा. ही कोणी लावली? कोणत्या साली लावली? आणि यातलं लावणाऱ्याला स्वतः ठाऊक असलेलं किती, ऐकीव किती? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाटीवर नसेल, तर ती लावणाऱ्या समितीला पत्र लिहून विचारा. आणि उद्या तुमच्यावर गावच्या वाड्याची, वेशीची किंवा घाटाची पाटी लिहायची वेळ आली, तर जे कागदावरून सिद्ध आहे ते वर लिहा, जे लोक सांगतात ते खाली लिहा, आणि सांगणाऱ्यांची नावं गाळू नका.

चारशे वर्षांपूर्वीच्या एका बढाईखोर शिपायाला जे जमलं, ते आपल्याला जमायला हरकत नाही.